खात्यापित्या घरची : नारायण पेठेतील बाळंतपणाच्या ताटाचा इतिहास

ज्यांच्या नावाने पुण्याची नारायण पेठ ओळखली जाते, त्या नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात वध झाला, तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. आणि पुढले साडेसात महिने मराठी राज्याचे सारे राजकारण त्या एका गर्भाभोवती फिरत राहिले. बारभाईंनी गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवले, गडाचा बंदोबस्त केला, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाल्यावर, बाळंतिणीचा सव्वा महिना सरतो न सरतो तोच, चाळीस दिवसांच्या त्या बालकाला पेशवाईची वस्त्रे देववली. मराठी इतिहासातले हे सर्वांत गाजलेले बाळंतपण. तरीही या प्रसंगाची बखर वाचताना मला नेहमी एका गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे : मुलगा होतो की मुलगी, जगतो की जातो, याची चिंता साऱ्या दौलतीने वाहिली, पण ज्या देहाच्या आधारावर ही चिंता उभी होती तो देह कसा होता, कृश की स्थूल, हे टिपून ठेवावे असे त्या काळी कोणाला वाटण्याचे कारणच नव्हते. कोठीतले तूप शेरात, साखर मणात आणि धान्य खंडीत मोजले जाई; माणूस मात्र तराजूत बसे तो तुळादानाच्या दिवशी, आणि तोही बहुधा पुरुष.

गर्भवती स्त्रीचे वजन ही अगदी अलीकडची कल्पना आहे. ती येण्यापूर्वी आपल्या समाजाने स्त्रीच्या देहाची परीक्षा शब्दांनी केली, आणि ते शब्द मोठे बोलके आहेत. भरल्या अंगाची मुलगी दिसली की ‘खात्यापित्या घरची दिसते’ असे म्हणायचे. हाडे दिसत असली तर ‘माहेरी पोटाला नव्हते की काय’ अशी कुजबूज करायची. लग्नानंतर अंग भरले तर ‘सासरचे पाणी मानवले’. बाळंतपणानंतर देह स्थूल झाला तर ‘अंग सुटले’, आणि मूल सुखरूप जन्माला आले तर ‘सुटका झाली’. एकाच धातूवर बेतलेले हे दोन प्रयोग बायकांच्या बोलण्यात इतक्या सहजपणे शेजारी नांदत आले की, पहिल्याचा दुसऱ्याला अडसर होऊ शकतो हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

यात अडाणीपणा होता असे मात्र मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकातील नारायण पेठेत, नदीच्या उतारावर दाटीने उभ्या राहिलेल्या वाड्यांत, मृत्यूची ओळख ज्यांना होती त्यांना तो कृश देहातच भेटत असे. १८७६ ते १८७८ या वर्षांतला दख्खनचा दुष्काळ, १८९६-९७ पासूनची प्लेगची साथ, वर्षाकाठी ठरलेला हिवताप, बारा-तेरा वर्षांच्या वयात येणारे मातृत्व आणि एकामागून एक होणारी बाळंतपणे, या साऱ्यांतून जी स्त्री अंगावर मांस टिकवून वर निघे ती खरोखरच भाग्यवान म्हणावी लागे. शिवाय पहाटे जात्यावर बसून दोन पायल्या दळायचे, हौदावरून घागरी वाहायच्या, नदीवर धुणे न्यायचे, उखळात कांडायचे, शेणाने जमीन सारवायची आणि सोवळ्यातला स्वयंपाक उकिडवे बसून करायचा, असा जिचा दिवस असे, तिच्या ताटात वाढलेले तूप संध्याकाळपर्यंत तिच्या अंगावर राहावे तरी कसे? गरोदरपणात या कामांतली पुष्कळशी चालूच राहत. तेव्हा ‘तू आता दोन जिवांची आहेस, दोन घास जास्त खा’ हा सासूचा आग्रह म्हणजे त्या दिवसभराच्या खर्चाची घातलेली भरपाई होती.

हे ताट कसे होते ते सांगायलाच हवे, कारण या इतिहासाची खरी साधने दप्तरांपेक्षा स्वयंपाकघरातच सापडतात. तिसऱ्या महिन्यात चोरओटी, पुढे सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण; हिरवे लुगडे, हिरवा चुडा, फुलांची वाडी, धनुष्यबाणाशेजारी, चंद्रकोरीत किंवा नावेत बसवलेली गर्भवती, आणि तिच्या पानात भातांचे अनेक प्रकार, पुरणपोळी, खीर, श्रीखंड. (त्या हिरव्या लुगड्याला पुष्कळदा ‘नारायणपेठी’ म्हणतात; आमच्या पेठेतल्या माणसांना त्याचा उगाच अभिमान वाटतो, परंतु ते लुगडे तेलंगणातल्या नारायणपेठ गावाचे, पुण्याच्या पेठेचे त्यात सूतभरही नाही.) बाळंतपण झाल्यावर अंधाऱ्या खोलीत खाटेखाली शेगडी, वावडिंगाची-ओव्याची धुरी, तेलाचे मर्दन, बाळंतकाढा, जेवणानंतर बाळंतशेपा, आणि नातेवाइकांकडून येणारा बाळंतविडा म्हणजे डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू, खारीक-खोबरे, बदाम, साजूक तूप आणि गूळ यांचा साठा. दहा दिवस तर बाईने भुईला पाय लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या त्या स्त्रीला आयुष्यात सक्तीची विश्रांती मिळे ती एवढीच, आणि म्हणून त्या खोलीची आठवण म्हाताऱ्या बायका मोठ्या मायेने काढीत.

या रिवाजाला शास्त्राचा आधार आहे असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि आधार आहेही. मात्र तो अर्धाच उचलला गेला. चरकसंहितेने गर्भिणीला महिन्यामहिन्याने दूध, लोणी, तूप सांगितले, हे घराघरांत पाठ झाले. त्याच संहितेने सूत्रस्थानात निंद्य देहांच्या आठ प्रकारांत अतिस्थूलाची गणना केली, त्याच्या दोषांत अल्पायुष्य, दौर्बल्य, न शमणारी भूक आणि तहान ही सांगितली, आणि स्थूल व कृश या दोहोंत कृशच बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, असा स्पष्ट निर्णय दिला. एवढेच नव्हे, तर शारीरस्थानात गर्भाला घातक अशा सवयींची यादी देताना, नित्य गोड खाणाऱ्या गर्भवतीचे अपत्य प्रमेही, मूक किंवा अतिस्थूल होते असे बजावले. मुकेपणाचे सोडून देऊ. परंतु आईच्या गोडाचा आणि अपत्याच्या प्रमेहाचा संबंध इतक्या प्राचीन काळी कोणी जोडून ठेवला असावा, आणि त्याच ग्रंथाचा हवाला देत आमच्या घरांतून गर्भवतीपुढे रोज शिऱ्याची वाटी सरकवली जावी, हा योगायोग पेठेच्या स्वभावाला शोभण्यासारखाच आहे. ज्या अर्ध्या वाक्यात तूप होते ते स्वयंपाकघरात राहिले. उरलेले पोथीच्या फडक्यात गुंडाळले गेले.

प्रमेहाची ओळख पेठेला नव्हती असेही नाही. नारायण पेठेतल्या गायकवाडवाड्यात ज्यांनी ‘केसरी’ नेऊन ठेवला, ते लोकमान्य टिळक स्वतः मधुमेही होते, आणि मंडालेच्या कारावासात, १९०८ ते १९१४ या काळात, त्यांना आहाराचे कडक पथ्य सांभाळावे लागले. पण मधुमेह हा विद्वानांचा, बैठ्या पुरुषांचा रोग, आणि बाळंतपण हा बायकांचा विषय. या दोन्हींची भेट एकाच देहात होऊ शकते ही कल्पना माजघराच्या उंबऱ्याशीच अडखळली.

या उंबऱ्यावर उभे राहून आत आणि बाहेर दोन्हीकडे पाहणारी पहिली मराठी स्त्री म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. पुढे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली त्यांनी पदवी घेतली तेव्हा प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आपल्या माजघरातली विद्या परक्या विद्यापीठासमोर तिच्या गुणांसह मांडावी, असे त्या विशीतल्या मुलीला वाटले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच क्षयाने त्यांचे निधन झाले आणि ती विद्या नव्या वैद्यकाच्या कसोटीला लावून पाहण्याचे काम, जे त्यांच्याइतके कोणालाच साधले नसते, ते तसेच राहिले. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळराव देवधर यांनी पुण्यात सेवासदन स्थापन केल्यावर तेथून परिचारिका आणि सुइणी शिकून बाहेर पडू लागल्या. विधवांना त्याने अन्न मिळाले आणि पेठांतल्या बाळंतखोल्यांत उकळलेले पाणी व स्वच्छ कात्री आली. ताट मात्र होते तेच राहिले.

ताट तेच राहिले आणि त्याच्या भोवतीचे घर बदलत गेले, ही माझ्या मते या साऱ्या कथेची मेख आहे. खडकवासल्याचे पाणी नळाने आले तेव्हा हौदाची वाट सुटली. पिठाची गिरणी आली तेव्हा जाते माळ्यावर गेले, आणि पहाटेच्या ओव्याही त्याच्याबरोबरच गेल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, नारायण पेठेतले कित्येक वाडे बसले, आणि पुढल्या काही दशकांत त्या जागांवर जिन्यांच्या आणि मग लिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या. चुलीच्या जागी शेगडी, शेगडीच्या जागी स्टो आणि स्टोच्या जागी गॅस आला. ओटा उंच झाला, पाटा-वरवंट्याचे काम मिक्सरने उचलले. यांतली एकही गोष्ट मी वाईट म्हणणार नाही, आणि जात्याच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी आठवडाभर ते ओढून पाहावे अशी माझी नम्र सूचना आहे. पण जमेची बाजू जशीच्या तशी ठेवून खर्चाच्या एकेका रकमेवर काट मारीत गेले, तर शिल्लक कोठे साठेल हे आमच्या पेठेतल्या कोणत्याही कारकुनाला सांगता आले असते. ती देहात साठली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १२.६ टक्के अतिवजनी किंवा स्थूल आढळल्या. २०१९-२१ सालच्या पाहणीत हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले.

बाहेरच्या जगात आईचे वजन आणि प्रसूती यांचा संबंध आला तोही आधी उलट्या वाटेने. १८८९ साली हॅम्बुर्गच्या लुडविग प्रोखोवनिक या डॉक्टरने अरुंद कटीच्या स्त्रियांना गरोदरपणी पोटभर खाऊ न देता मूल लहान ठेवण्याचा उपाय सुचवला, कारण त्या काळी पोट चिरून मूल काढणे म्हणजे आईच्या जिवावरचाच खेळ होता. हीच युक्ती आपल्या खेड्यांतल्या बायकांनी कोणत्याही हॅम्बुर्गवाचून शोधली होती. मूल मोठे झाले तर अडेल, या भीतीने त्या शेवटच्या महिन्यांत हात आखडून जेवत. म्हणजे एकाच मुलखात शहरातली सासू वाढत होती आणि खेड्यातली सून आवरत होती, आणि दोघींनाही आपण बाळाचे भले करतो आहोत अशी खात्री होती.

मधुमेही आईचे मूल मोठे का होते, याचे उत्तर १९५२ साली कोपनहेगनच्या यॉर्गेन पेडरसन यांनी मांडले. आईच्या रक्तातली साखर वारेतून गर्भाकडे जाते, पण तिचे इन्शुलिन जात नाही. मग त्या वाढीव साखरेचा निचरा करण्यासाठी गर्भाचे स्वतःचे स्वादुपिंड जास्त इन्शुलिन करू लागते, आणि इन्शुलिन हे वाढीचे व चरबीचे द्रव्य असल्याने मूल खांद्यापोटाशी मेदाने भरते. प्रत्येकच गर्भवतीच्या शरीरात वारेच्या स्रावांमुळे इन्शुलिनला थोडा विरोध निर्माण होतो. आईच्या अंगावर मेद आधीच जास्त असेल तर हा विरोध दुणावतो, आणि जिला एरवी मधुमेह नाही तिलाही गरोदरपणापुरता तो जडतो. अशा बाळाचे डोके बाहेर येते आणि खांदा अडकतो, तेव्हा हाताशी मिनिटे मोजकीच असतात. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकाएकी थांबते, बाळाचे इन्शुलिन मात्र उसळलेलेच असते, म्हणून गुबगुबीत, ‘बाळसेदार’ म्हणून जिचे कौतुक चालू असते ती पोर दोन तासांत साखर उतरून निस्तेज पडू शकते.

आईच्या बाजूने पाहावे तर यादी मोठी आहे, आणि प्रसूतिगृहात काम करणाऱ्या कोणालाही ती पाठ आहे. गर्भधारणाच लांबते, झाली तर गर्भ पडण्याची भीती अधिक. रक्तदाब चढून, लघवीतून प्रथिने जाऊन उद्भवणारा तो विषम विकार, ज्याची मजल झटक्यांपर्यंत जाते, तो स्थूल मातांत अधिक दिसतो. पोटावरच्या मेदाच्या थरातून सोनोग्राफीला गर्भ नीट दिसत नाही. कळा मंद राहतात, प्रसूती रेंगाळते, शस्त्रक्रियेची वेळ अधिक वेळा येते. पाठीच्या कण्यातून भूल देण्यासाठी मणका हाताला लागत नाही, टाके भरायला वेळ लागतो, जखमेत पू होतो, रक्तस्राव जास्त होतो. मृत बालक जन्मण्याचा धोकाही वाढतो. दूध उतरायला उशीर लागतो, आणि मग ‘अळीव कमी पडले’ म्हणून लाडवांचा आणखी एक डबा येतो. आणि पायांच्या शिरांत रक्त गोठून ती गाठ फुप्फुसात जाण्याचा जो धोका प्रत्येक बाळंतिणीला असतो तो स्थूल बाळंतिणीला कितीतरी जास्त. त्यावर पहिला उपाय म्हणजे तिला लवकर उठवून चालवणे. दहा दिवस भुईला पाय न लावण्याचा आमचा तो प्रेमळ दस्तुर, जो राबून झिजलेल्या देहासाठी वरदान होता, तोच या देहासाठी घातक ठरावा, यासारखी काळाची उलटापालट क्वचितच पाहायला मिळते.

या प्रश्नावरचे आपले सर्वांत महत्त्वाचे संशोधन लंडनमध्ये किंवा दिल्लीत न होता पुण्यातच झाले, आणि तेही पेठेपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालय १९१२ सालचे. डॉक्टर बानू कोयाजी यांनी ते आपल्या हयातीत वाढवले आणि त्याचा हात वढू-पाबळच्या खेड्यांपर्यंत नेला. त्याच रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची, गर्भ राहण्यापूर्वीपासून, मोजमापे घ्यायला सुरुवात केली. त्या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. शेतावर राबणाऱ्या, कृश. त्यांची मुले जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातल्या साउथॅम्प्टन गावची ३.५ किलोची. येथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे होते. पण बाळांच्या पाठीवरची त्वचा चिमट्यात धरून मोजली तेव्हा असे दिसले की, स्नायू, पोट, लांबी, सारे कमी असूनही त्वचेखालचा मेद मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकाच राखलेला आहे. रोड दिसणारे हे बाळ आतून मेदुर होते. आणि २००४ साली याज्ञिक यांनी इंग्रज स्नेही जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून दाखवले : उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के.

याचा अर्थ नारायण पेठेतल्या सुनेसाठी असा की, तराजू अखेर आला तोही पुरेसा खरा बोलत नाही. युरोपात हा निर्देशांक २५ च्या पुढे गेला की अतिवजन आणि ३० च्या पुढे स्थूलता मानतात. आपल्याकडे वैद्य त्याच सीमा २३ आणि २५ वर आणून ठेवतात, कारण आपला मेद कमी वजनातच उपद्रव सुरू करतो. जी ‘कुठे जाडी आहे?’ असे नातेवाईक म्हणतात, तिचेही पोट भरलेले आणि हातपाय काटकुळे असू शकतात. आणि जिची आजी दुष्काळात कृश राहिली तिच्या नातीला सुबत्तेचे ताट अधिक बाधते, असे या संशोधनाचे एकंदर सूचन आहे.

म्हणून स्थूल गर्भवतीला दोष देणारी जी नवी भाषा आता ऐकू येते ती मला जुन्या भाषेइतकीच अन्यायाची वाटते. काल तिला ‘खात्यापित्या घरची’ म्हणून मिरवले, आज ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून हिणवतात. ताट वाढणारे हात मात्र दोन्ही वेळा नामानिराळे. गरोदरपण हा उपास करण्याचा काळ नव्हे, त्या महिन्यांत वजन उतरवू नये, असेच वैद्यक सांगते. प्रश्न फक्त किती वाढावे एवढाच आहे. अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेने २००९ साली घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे बेताच्या वजनाच्या स्त्रीने नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो, अतिवजनी स्त्रीने सात ते साडेअकरा, आणि स्थूल स्त्रीने पाच ते नऊ किलो वाढावे. दोन जिवांसाठी खाणे म्हणजे दुप्पट खाणे नव्हे, हे त्यातल्या साध्या बेरजेवरूनही दिसते. याज्ञिकांच्या त्या खेड्यांत ज्या आयांच्या ताटात पालेभाजी, फळे आणि दूध अधिक होते त्यांची बाळे अधिक चांगली निपजली. साखरेचा त्यात उल्लेख नाही.

डोहाळजेवण आता कार्यालयात होते, वाडी फुलवाला भरतो, पाने केटररच्या माणसांनी वाढलेली असतात. तो सोहळा सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही. मराठी स्त्रीच्या वाट्याला कौतुकाचे दिवस मुळातच थोडे. परंतु यंदा ज्यांच्या घरी ओटी भरायची असेल, त्यांनी चोरओटीच्या महिन्यातच तिला नेऊन तिचे वजन, रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी, चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पुन्हा तपासावी, आणि ती १४० च्या वर निघाली तर बाळंतविड्यातला लाडवांचा डबा सासूने स्वतःसाठी ठेवून घेऊन सुनेला संध्याकाळी नदीकाठाने फिरायला न्यावे.